सुर्वेकाकूंची विमानचौकशी

सुर्वेकाकू झोपायच्या, पण झोपेवर त्यांचा विश्वास नव्हता. एक डोळा मिटलेला आणि दुसरा मिटल्यासारखा, अशी त्यांची झोप. हे मी पाहिलेलं नाही, त्यांच्या यजमानांनी, म्हणजे अण्णांनी, सांगितलेलं आहे. अण्णांचा जन्म प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात गेलेला. तिथल्या खडखडाटात बोलून बोलून त्यांना प्रत्येक गोष्ट दुपटीने सांगायची सवय लागली होती. तेव्हा त्यांचं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं मी वाढवून सांगतो, म्हणजे हिशेब बरोबर होईल.

बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मधली जागा इतकी अरुंद की आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंक त्यांच्या घरातून यायची. त्यामुळे काकूंच्या संशयाचा पहिला वारा आमच्याच अंगावरून जायचा. सकाळी दुधाची पिशवी आली की त्या ती जिन्यातल्या खिडकीशी नेऊन उजेडात धरायच्या. एकदा दूधवाला भाई वैतागून म्हणाला, "काकी, दूध छे, एक्स-रे नथी!"

"एक्स-रे असता तर त्यात एवढं पाणी दिसलं नसतं," काकू म्हणाल्या आणि पिशवी उलटी करून दुसऱ्या बाजूने बघू लागल्या.

सोसायटीला लिफ्ट आली तेव्हा काकू तिच्यात सहजासहजी पाय ठेवत नसत. आधी रिकामी लिफ्ट चौथ्या मजल्यावर पाठवायच्या, ती परत यायची वाट बघायच्या आणि मग म्हणायच्या, "आली ना परत? मग चला." खाली उभे असलेले लोक तोवर जिन्याने वर जाऊन, चहा पिऊन, पुन्हा खाली आलेले असत.

त्यांचे आजोबा म्हणे संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. माहेर बडोद्याच्याच वाडी नावाच्या भागातल्या एका गल्लीतलं. आजोबा गेले, फौज गेली, संस्थान गेलं, पण "कोण आहे? थांब!" हा हुकूम तेवढा काकूंच्या रक्तात राहून गेला.

या गुणाचा पहिला उपयोग बडोद्याच्या मराठी समाजाने करून घेतला तो लग्नं जमवताना. जमवताना म्हणजे, मोडताना. कुणाकडे मुलीसाठी स्थळ आलं की आईबाप गुपचूप काकूंकडे यायचे आणि फोटो पुढे ठेवून म्हणायचे, "जरा चौकशी करा ना." काकू मुलाच्या घरी कधीच विचारत नसत. "घरचे सांगणारच, सोन्यासारखा आहे म्हणून. इस्त्रीवाल्याला विचारा. कॉलर त्याच्याकडे जाते."

भरूचचं एक स्थळ होतं. मुलाची उंची पाच फूट नऊ इंच सांगितलेली, आणि फोटोत तो आपल्या स्कूटरला टेकून उभा. काकूंनी तो फोटो घेतला, खाली पार्किंगमध्ये आल्या, त्याच बनावटीची एक स्कूटर शोधली आणि माझ्या हातात टेपचं टोक दिलं. स्कूटरचा आरसा कुठे येतो, मुलाचा खांदा कुठे येतो, असं मोजत मोजत त्यांनी मुलगा पाच फूट पाचवर आणून ठेवला. वर बूट काढून घेतले आणि आणखी एक इंच कापला.

"फोटोत माणूस खोटं बोलतो," टेप गुंडाळत त्या म्हणाल्या. "स्कूटर बोलत नाही."

त्या मुलीने त्याच मुलाशी लग्न केलं, हा भाग वेगळा. दोघं मजेत आहेत. काकूंना हे सांगितलं की त्या म्हणत, "मजेत असतील. मी कुठे नाही म्हणते? पण उंची कमीच आहे."

आता अशा बाईचं विमानाशी काय नातं? ते जुळलं खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनमुळे. बडोद्यात प्रत्येक घरातलं कुणीतरी परदेशात असतंच. नसलं तर ते घर भाड्याने दिलेलं असतं. हंसाबेनचा मुलगा अमेरिकेत. त्याने तिकीट पाठवलं, बरोबर विमानाच्या आतला फोटो पाठवला: रुंद निळी खुर्ची, समोर हा एवढा पडदा, पडद्यावर हसणारी नटी. हंसाबेनने सिनेमांची यादी करूनच प्रस्थान ठेवलं. प्रत्यक्षात विमान आलं ते भलतंच. पडद्याच्या जागी चौकोनी भोक आणि भोकातून लोंबणाऱ्या दोन वायरी. परत आल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून हंसाबेन रडवेल्या झाल्या. "कमलाबेन, पूर्ण रस्ता मी त्या भोकाकडे बघत बसली! एक वेळ तर मला त्याच्यात पिक्चर दिसायला लागलं!"

काकूंच्या हातातला झारा कढईवरच थांबला. पुरी काळी पडली, तरी लक्ष नाही.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "दाखवला एक आणि बोहल्यावर उभा केला दुसरा."

त्या दिवसापासून बडोद्यातल्या नवऱ्या मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंचा मोर्चा विमानांकडे वळला.

मुलीने टोरंटोहून पाठवलेला एक टॅब घरात होता. आतापर्यंत त्यावर गरम पातेली ठेवत नसत एवढंच. काकूंनी तो पुसून घेतला आणि थोड्याच दिवसांत अशी वेळ आली की अकोट्यातून कुणी तिकीट काढलं की आधी काकूंकडे यायचं. "काकू, बघा ना, विमान कुठलं आहे?" काकू चष्मा वर करून तिकिटावरचा फ्लाइटचा नंबर बघत. मग तोच नंबर घेऊन गेल्या महिनाभरात खरोखर कुठलं विमान उडालं, ते शोधत. "आजचं काय सांगतात ते नको. रोज कोण येतंय ते बघ. महिनाभर एकच येत असेल तर घराणं स्थिर आहे. रोज नवा चेहरा दिसला की समजावं, पाणी मुरतंय."

कंपनीच्या फोटोंकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "ही बघ, ही खुर्चीत बसलेली बाई. मुद्दाम बारकी निवडलीय. हिच्या जागी हंसाबेनला बसव, मग बघू किती जागा उरते." त्या बघायच्या ते प्रवाशांनी काढलेले वेडेवाकडे फोटो: कुणाचा गुडघा, कुणाचा चपलेसकट पाय, सीटखाली बसवलेली लोखंडी पेटी. ही पेटी म्हणे समोरच्या पडद्याची असते आणि नेमकी आपला पाय जिथे जायला हवा तिथे बसते. "हे शेजाऱ्यांनी सांगितलेलं आहे," काकू म्हणत. "हे खरं."

खिडकीची जागा घेतली आणि खिडकीच्या जागी नुसती भिंत निघाली, अशाही जागा असतात, हे सोसायटीला काकूंनीच सांगितलं. शेवटच्या रांगेतली खुर्ची मागे कलत नाही, शौचालयाशेजारच्या खुर्चीवर अख्खं विमान रांग लावून उभं राहतं, हेही त्यांनीच. एकदा तिकिटाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं त्यांनी भिंग लावून वाचलं, की तिकीट एका कंपनीचं आणि विमान चालवणार दुसरीच. काकूंनी भिंग खाली ठेवलं. "पत्रिका एकाची जुळवली आणि वरात दुसऱ्याच दारात!"

कंपनीला फोन लावला की त्या स्पीकरवर ठेवत, साक्षीदार असावा म्हणून. साक्षीदार मी. पलीकडची मुलगी गोड हिंदीत बोलायची आणि काकू बडोद्याच्या हिंदीत, जिच्यात 'है' तेवढा हिंदी असतो.

"बेटा, विमान कौनसा है?"

"मॅम, हमारे सारे विमान बहुत आधुनिक हैं."

"वो तो सबकी माँ बोलती है. उमर कितनी है?"

"जी... मेरी?"

"तेरी नहीं रे! विमान की. और इसके पहले किसके घर में था?"

पलीकडे संगीत सुरू व्हायचं. काकू फोनवर हात ठेवून मला म्हणायच्या, "बघ. मोठ्या माणसांना विचारायला आत गेली."

त्यांचे अंदाज चुकत नसत असं समजू नका. मला दिल्लीहून परत यायचं होतं तेव्हा त्यांनी माझं सरळ, साधं तिकीट बदलायला लावलं. का, तर विमान जुनं. "घोडनवरा आहे. ते दुसरं घे, यंदाच आलंय, कोरं करकरीत." मी ऐकलं. विमान खरंच कोरं होतं, अगदी वास येत होता. पण नव्या विमानांच्या खुर्च्या हल्ली पापडासारख्या पातळ करतात, हे कुणाच्या शेजाऱ्याने काकूंना सांगितलेलं नव्हतं. बडोद्याला उतरलो तेव्हा घराच्या दारात माझी पाठ वेगळी शिरली आणि मी वेगळा. काकूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तू बसलास कसा ते सांग आधी." संशय माझ्यावर!

अण्णा या सगळ्यात गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत असत. एक पाय खाली आणि उजवा पाय समोरच्या स्टुलावर, सरळ, आडव्या फाटकासारखा. फार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले तेव्हापासून तो गुडघा वाकतच नसे. गॅलरीतून जायचं तर अण्णा पाय वर उचलायचे आणि तोंडाने फाटकाची घंटा वाजवायचे. "गाडी गेली का? करू बंद?" असं विचारून पाय पुन्हा खाली. काकूंच्या संशयावर ते कधी चिडले नाहीत. "अरे, तिला माझ्यावरसुद्धा संशय आहे," मला म्हणायचे. "मी घरात आहे की नुसता पाय ठेवून कुठे गेलोय, ते दर अर्ध्या तासाने बघून जाते."

पण एक गोष्ट अण्णांना मनापासून हवी होती. टोरंटोच्या मेधाने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, तिच्या मुलाची मुंज ठरवली होती. त्या नातवाला अण्णांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. "मला त्याचा चेहरा माहितीये, बस्स. कॅमेरा गळ्याखाली येतच नाही. त्याला पाय आहेत की नाही, हेही मला नक्की ठाऊक नाही," ते म्हणायचे, हसायचे, आणि हसून झाल्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर जरा जास्तच वर धरायचे. मुंजीत नातवाच्या शेजारी बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मध्ये अडथळा दोनच: तो पाय आणि काकू.

वाकत नाही तो पाय विमानात ठेवायचा कुठे? पुढच्या रांगेत जागा मोकळी दिसते, पण समोर भिंत असते. सरळ पाय भिंतीला जाऊन भिडतो. संकटकाळच्या दाराशी ऐसपैस जागा, पण तिथे अशा पायाच्या माणसाला बसू देत नाहीत. मधल्या खुर्चीत तर प्रश्नच नाही. काकूंनी याचा निकाल लावायचा ठरवला आणि एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर सगळ्यांच्या घरातल्या खुर्च्या मागवल्या. टेप, सुतळी आणि खडू घेऊन त्यांनी तिथे एक विमान उभं केलं. रांगा आखल्या, मधली वाट आखली, प्रवासी म्हणून आम्हाला बसवलं. मी समोरचा माणूस. माझं काम खुर्ची मागे कलवून अण्णांना त्रास देणं. हंसाबेनला हवाई सुंदरी नेमलं होतं. त्या गॅसच्या सिलिंडरची ट्रॉली ढकलत, "चाय? कॉफी? थेपला?" करत आल्या आणि थेट अण्णांच्या पायावर आदळल्या.

"अरे फाटक बंद आहे, दिसत नाही?" अण्णा ओरडले. सगळा प्लॉट हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांना डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं दहा वेळा हलवलं आणि शेवटी खडूने एका खुर्चीवर फुली मारली. मधली वाट अण्णांच्या उजव्या हाताला हवी. मग पाय तिरपा करून वाटेत सोडता येतो आणि ट्रॉली आली की घंटा वाजवून उचलता येतो. तशीच जागा, दुसरी नाही.

मग अशा विमानाचा शोध सुरू झाला. काकू एकेक स्थळ बघत होत्या आणि नाकारत होत्या. एका विमानात वाट अरुंद. दुसऱ्यात ती लोखंडी पेटी. तिसरं सगळ्या बाबतीत चांगलं, म्हणूनच संशयास्पद. मुंज जवळ येत चालली. मेधा फोनवर म्हणाली, "आई, तू विमान शोधतेयस की जावई?"

"जावई शोधताना घाई केली, म्हणून तो तुला घेऊन टोरंटोला गेला," काकू म्हणाल्या.

शेवटी एक ठरलं. अहमदाबादहून आखातातल्या एका शहरापर्यंत लहान विमान. त्याची चिंता नव्हती. तिथून टोरंटोपर्यंत मोठं, तीन-तीन-तीन अशा खुर्च्यांचं. त्यात एफ नंबरची खुर्ची अण्णांची, वाट उजव्या हाताला. शेजारी ई नंबरवर काकू. तिकिटं निघाली. अण्णांनी नातवाला फोन करून, कॅमेरा खाली कर आणि पाय दाखव, अशी पहिली मागणी केली.

आणि निघायला दोन-तीन दिवस राहिले असताना, मी सकाळचा चहा घेत होतो तर समोरचं दार धाडकन उघडलं.

"नितीन, बदललं!"

काकूंच्या हातात टॅब होता. कंपनीने विमान बदललं होतं. नवीन विमानात खुर्च्या दोन-चार-दोन. एफ नंबरची खुर्ची तीच, अक्षर तेच, पण आता ती चौघांच्या मधली झाली होती. दोन्ही बाजूंना माणसं, समोर खुर्ची, आणि अण्णांचा पाय जायला जागा कुठेच नाही. मला आपल्या घरात ओढत नेऊन त्यांनी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, काळजी करू नका, काउंटरवर बघून घेऊ.

"काउंटरवर बघू म्हणजे मांडवात बघू!" काकूंनी फोन ठेवला. "झालं. मी सांगतच होते. रद्द करा तिकीट. मेधाला कळव नितीन, आम्ही येत नाही."

गॅलरीत वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. अण्णा पाय सरळ ठेवून, खुर्ची सरकवत सरकवत आमच्याकडे वळले.

"कमल, एक विचारू? आपलं लग्न ठरलं, तेव्हा माझी चौकशी कुणी केली होती?"

"आता ते काय मध्येच?"

"सांग ना. कुणी केली होती?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "बाबा वर्कशॉपच्या फाटकाशी उभे राहिले, तुम्ही सायकलवरून बाहेर पडलात, बाबा म्हणाले, चेहरा बरा आहे. घरी येऊन पेढे वाटले. उंची विचारली नाही की काही नाही."

"मग? बिनचौकशीचा माणूस निघाला की नाही बरा?"

"ते अजून ठरायचंय," काकू म्हणाल्या आणि तरातरा आत गेल्या.

अण्णा माझ्याकडे बघून डोळे मिचकावणार असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे मिचकावले नाहीत. ते स्टुलावरच्या आपल्या पायाकडे बघत बसले, परक्याच्या सामानाकडे बघावं तसे.  मी निघावं की थांबावं अशा विचारात होतो, तेवढ्यात काकू बाहेर आल्या. टॅब हातात, चष्मा नाकावर.

"एकतीस सी रिकामी आहे. वाट उजवीकडे. मी घेऊन टाकली."

"आणि तू?"

"मला मागे मिळालीय. पार मागे, मधली."

अण्णा काही बोलणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "ते राहू दे. या विमानात बी नंबर नसतोच, आणि शेजारच्या एकतीस ए वर कुणीतरी आधीच बसलंय. कोण ते कळत नाही. नकाशात नुसता ठिपका आहे."

आता सगळा संशय त्या ठिपक्यावर एकवटला. खिडकीशी बसलेल्या त्या माणसाला बाहेर यायचं तर अण्णांना ओलांडूनच यावं लागणार. अण्णांना उठायला पाच मिनिटं आणि बसायला दहा. तो माणूस दर तासाला उठणारा निघाला तर? झोपाळू निघाला आणि अण्णांच्या पायावर कलंडला तर? चिडका निघाला तर? दोन दिवस काकूंच्या घरात वेगवेगळ्या स्वभावाचे एकतीस ए येऊन गेले, एकाहून एक नालायक.

अहमदाबादला त्यांना मीच गाडीने नेलं. मागच्या सीटवर अण्णांचा पाय आडवा आणि उरलेल्या जागेत अण्णा. विमानतळाच्या काचेच्या दारांबाहेर नेहमीची जत्रा. टोरंटोला शिकायला निघालेला एकेक मुलगा आणि त्याला पोहोचवायला आलेली माणसं निदान पंधरा. हार, नारळ, डोळे पुसणं, थेपल्यांची पुडकी. कंपनीचा माणूस अण्णांसाठी चाकाची खुर्ची घेऊन आला. काकूंनी तिचं चाक पायाने दाबून बघितलं आणि अण्णांना बसू दिलं. मग मला म्हणाल्या, "थांब जरा," आणि गर्दीत शिरल्या.

"टोरंटोच्या विमानात एकतीस ए कोण छे? भाई, तुम्ही एकतीस ए? बेन, तुमचा दीकरो?"

मी शरमेने चाकाच्या खुर्चीमागे लपलो. पण या जगात काकूंना शोधून न सापडलेला माणूस नाही. आणंदचं एक कुटुंब होतं. ध्रुव नावाचा शेलाटा मुलगा, गळ्यात हार, हातात फोन, फोनमध्ये एकतीस ए. शेजारी त्याची आई, रडून रडून नाक लाल. आई गुजरातीत बोलत होती. मी मराठीत सांगतो.

"घरी कोण कोण असतं?" काकूंनी सुरुवात केली.

"आम्ही तिघंच. हा एकुलता एक."

"स्वभावाने कसा?"

आईने पदराने नाक पुसलं आणि काकूंकडे नीट बघितलं. नीटनेटकी साडी, सोन्याच्या पाटल्या, अनुभवी नजर. पुढच्या क्षणी ती बाई सावरून उभी राहिली. मुलाच्या गळ्यातला हार सरळ केला.

"फार शांत हो. कुणाला उलटून बोलत नाही."

"झोपेत हातपाय मारतो?"

"छे! एका कुशीवर झोपतो तो सकाळी त्याच कुशीवर."

"पाणी किती पितो? रात्री उठावं लागतं का? घरात कुणाला डायबिटीस?"

"आमच्या सात पिढ्यांत नाही!" आईचा चेहरा खुलला. "डॉक्टरचा दाखला पाठवू. व्यसन नाही, चहासुद्धा अर्धा कप." तिने माझ्याकडे मुलीचा मामा असावा तसं बघितलं. मीही जरा ताठ उभा राहिलो. "मुलगी टोरंटोलाच असते का?"

"कोण मुलगी?" काकू म्हणाल्या. "माझे मिस्टर आहेत. ते बघा, खुर्चीत. एकतीस सी."

आईने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीतून बंदुकीसारखा पुढे आलेला पाय आणि त्यामागे हात हलवणारे अण्णा. काकूंनी पाय, वाट, खुर्ची, मधली जागा, सगळं सांगितलं. आपण स्वतः पार मागे बसणार हेही सांगितलं.  "म्हणून विचारलं हो. रागावू नका."

 त्या बाईने मुलाचा दंड धरला, त्याला अण्णांच्या खुर्चीपाशी आणलं आणि म्हणाली, "आजोबांना विचारल्याशिवाय उठायचं नाही. समजलं?" आणि काकूंकडे वळून, अगदी हळू, "बेन, हा घराबाहेर कधी एकटा राहिलेला नाही. तुमचंही जरा लक्ष असू दे."

काकूंनी त्या मुलाकडे बघितलं. दूध बघायच्या तसं, उजेडात धरून. मला वाटलं, आता आणखी चार प्रश्न येणार. पण त्यांनी आपल्या पर्समधून अण्णांच्या गोळ्यांची डबी काढली, ध्रुवच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "जेवणानंतर एक. ते नाही म्हणतील, तरी दे."

पुढचं मला अण्णांनी फोनवर सांगितलं. ध्रुव म्हणे पूर्ण रस्ता एकदाही उठला नाही, आणि शेवटी शेवटी अण्णांनाच त्याची दया येऊन, "अरे जा बाबा, फाटक उघडं आहे," म्हणावं लागलं. निम्मं सोडून द्या. पण मुंज झाली, अण्णा नातवाच्या शेजारी पाय सरळ करून बसले, आणि पोरगं तो पाय ओलांडायचा खेळ दिवसभर खेळत होतं, हे फोटोत मी स्वतः पाहिलंय. मेधाने दोघांना मग सोडलंच नाही. समोरच्या दाराला आता कुलूप आहे.

त्यामुळे काकू म्हटलं की मला त्या विमानतळाच्या काचेपलीकडल्याच दिसतात. अण्णांची खुर्ची पुढे गेलेली. अण्णा हातवारे करत त्या पोराला काहीतरी दुपटीने सांगतायत. पोरगा वाकून ऐकतोय. काकू बऱ्याच मागे, एकट्या. माझ्या शेजारी ध्रुवची आई काचेला कपाळ टेकून रडत होती. काकू वळल्या. त्यांना ती दिसली. त्यांनी चष्मा वर केला, दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेली आणि मग ती बोटं पुढे चाललेल्या पोराच्या पाठीवर रोखली, आणि हात खाली न आणता तशाच त्याच्या मागे चालू लागल्या.